मुठीतल्या दोन गाठी

शाळेतली पोरं शाळा सोडून रानात हिंडताना दिसली, तेव्हाच तिरप्याच्या मनात पाल चुकचुकली.

तो नांगरत होता. पाऊस लांबला होता, जमीन तापून कडक झाली होती आणि फाळ सारखा वर उसळत होता. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. तिरप्याचा एक खांदा जन्मापासून खाली होता, म्हणून गाव त्याला तिरपा म्हणायचं. नांगरावर वाकला की तो खांदा आणखी खाली जायचा आणि मागून बघणाऱ्याला वाटायचं, हा नांगर धरत नाही, नांगराच्या कानात काहीतरी सांगतोय.

ओढ्याच्या काठानं पोरांची रांग चालली होती. पुढे रुंद काठाची टोपी घातलेली एक बाई, मागे मास्तर. मास्तरांनी पॅन्टचे पाय दुमडले होते आणि चेहरा असा केला होता, की जणू त्यांनाच कुणी वर्गाबाहेर उभं केलंय. मधली पोरं एक लांब दोरी वाहून नेत होती. दोरीला सारख्या अंतरावर गाठी आणि गाठीगाठीला कापडाची चिंधी.

ती दोरी तिरप्याच्या डोळ्यांत सलली. पोरं काय, कुठेही उंडारतात. पण दोरी घेऊन दुसऱ्याच्या रानात शिरणारा माणूस सहज म्हणून शिरत नाही. त्यानं बैल थांबवले आणि रांग बाभळीआड जाईपर्यंत तो बघत राहिला.

संध्याकाळी दळण घेऊन तो मुद्दाम स्वतः गिरणीवर गेला. एरवी हे काम बायकोचं.

"कुठलीशी संस्था आहे म्हणे," गिरणीवाला पट्टा चढवत म्हणाला. "पोरांना वाचायला शिकवते. उघड्यावर, झाडाखाली. आणि मास्तरांनाही शिकवते, कसं शिकवायचं ते."

"मास्तरांना? मग इतकी वर्षं ते काय करत होते?"

"खुर्ची राखत होते."

बाकावरची माणसं हसली. तिरपा हसला नाही. "आणि ह्याचं घेतात काय?"

"काही नाही. फुकट."

"फुकट तर कुणी शिवीसुद्धा देत नाही," तिरपा म्हणाला.

ह्यावर मात्र सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. कुणी म्हणालं रस्ता येणार. कुणी म्हणालं ओढ्याखाली काहीतरी सापडलंय. न्हाव्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी आपलं ठेवलं, "मोठ्यांना विचारलं तर मोठे फिरवाफिरव करतात. पोर खोटं बोलत नाही. म्हणून आधी पोरांना हाताशी धरायचं."

गिरणी सुरू झाली, बोलणं बुडालं. पण तेवढं वाक्य तिरप्याबरोबर पिठाच्या डब्यासारखं डोक्यावर बसून घरी आलं.

घरी त्याची पोरगी अंगणात उकिडवी बसून जमिनीकडे बघत होती. एका जागी तिचा पाय ठरत नसे, म्हणून तिला भिंगरी म्हणत. शाळेत मात्र ती मागच्या भिंतीला टेकून बसायची. तिसरं वर्ष चालू होतं तरी फळ्यावरचं एक अक्षर तिला ओळखता येत नव्हतं. "हिच्या डोक्यात दगड भरलेत," असं मास्तरांनी तिच्या आईला तोंडावर सांगितलं होतं, आणि आईनं ते घरी येऊन चुलीला सांगितलं होतं.

"बाबा, थांबा! पाय नका टाकू!" भिंगरी ओरडली. "हे बघा, ही आपली कोंबडी. हे कुत्रं, पण ते लंगडत होतं, बघा, हा पाय नुसता टेकलाय. आणि हे तुम्ही."

"मी?"

"सकाळी गेलात ते. तुमची एक टाच आत दाबते, त्या खांद्याच्या बाजूची. बाईंनी शिकवलं. आधी ठसे वाचायचे, मग अक्षरं. अक्षरंपण ठसेच असतात म्हणाल्या, कुणीतरी इथून गेलं त्याचे."

"आणि दोरी कशाला?" तिरप्यानं डबा खाली ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखं विचारलं.

दोरीचं नाव काढलं आणि पोरगी भिंगरीसारखीच सुटली. हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्यात. प्रत्येक गाठीला एक अक्षर. टोकाला फास, तिथून अ, मग आ, मग इ, असं थेट शेवटपर्यंत. फास एका ठिकाणी धरायचा, दोरी ताणायची आणि दुसऱ्या ठिकाणी कुठलं अक्षर येतं ते वाचायचं. तिला आता सगळी येतात. बाभळीपासून दगडापर्यंत ढ. शाळेच्या पायरीपासून हापशापर्यंत त. मग सगळं गाव शाळेमागच्या अंगणात खड्यांनी मांडायचं.

"सगळं गाव?"

"शेतं, बांध, विहिरी, सगळं. उद्या आपलं रान आणि काकांची विहीर. मीच सांगितलं बाईंना, मी दाखवते म्हणून."

तिरपा पायरीवर बसला. बायको आतून बाहेर आली, तिनं त्याच्याकडे बघितलं आणि ती पुन्हा आत गेली.

आता तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही, सांगूनच टाकतो. तिरप्याच्या रानाला लागून त्याच्या थोरल्या चुलतभावाचं रान होतं. वाटणीत विहीर थोरल्याकडे गेली, म्हणून गाव त्याला विहिरीवाला म्हणायचं. विहीर आणि सामाईक बांध ह्यांच्यामध्ये गाडी वळेल एवढी जागा म्हाताऱ्यांनी सोडली होती. त्या जागेवर तिरप्याचा डोळा नव्हता, असं तो शपथेवर सांगेल. पण दर हंगामात नांगराचं शेवटचं तास बांधाच्या बुडातून जायचं. बांध कुरतडायचा, पलीकडे माती ओढायची, वर गवत वाढू द्यायचं. बांध जागचा हलत नाही, नुसता कुशीवर वळतो. असं करत करत विहिरीसमोर बांधाला पलीकडून पोट आलं होतं. थोरला दर वर्षी ओरडायचा, "बांधाला पोट सुटलंय!" आणि तिरपा म्हणायचा, "दादा, म्हातारपणी कुणाला सुटत नाही?" लोक हसायचे आणि भांडण पुढच्या वर्षावर जायचं. थोरल्याचा संशय होता, पण पुरावा नव्हता. आणि तिरप्याचं घर पाणी पीत होतं ते थोरल्याच्या विहिरीचं. पुरावा मिळाला त्या दिवशी दोर आणि बादली त्या काठावर ठेवता येणार नव्हती, हे दोन्ही घरांना माहीत होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. टोपीवाल्या बाईला त्याचा बांध कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

"ती पोरं अक्षरं शिकतायत," जेवण वाढताना बायको म्हणाली. "तुमची झडती नाही घेत."

"तुला काय कळतं?"

"मला एवढंच कळतं, की ज्यानं काही केलं नाही तो दोरीला भीत नाही."

"तू पण त्याच बांधाचं गवत कापतेस," तिरपा म्हणाला.

"कापते. म्हणून तर मलाही आज घास उतरत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंगरीला शाळेत जाऊ दिलं नाही. रानात धसकटं वेचायची आहेत म्हणाला. पोरगी पाटी घरात ठेवून त्याच्यामागे आली आणि नांगरलेल्या तासांतून मक्याची धसकटं उपटून ढीग करू लागली. दर वेळी वाकताना ती वाटेकडे बघत होती. तिरप्याला आपण काहीतरी फार हलकं केलंय असं वाटत राहिलं आणि त्याचा राग त्यानं बैलांवर काढला.

ऊन डोक्यावर यायच्या आत वाटेवर टोपी दिसली.

भिंगरी आली नाही म्हणून शाळाच तिच्याकडे आली होती. मास्तर बांधावर उभे राहून घाम पुसू लागले. बाई खाली उतरली, धसकटाचा एक ढीग उचलून बाजूला नेला, परत आली आणि दुसरा उचलला. मग पोरांनी तेच सुरू केलं. बघता बघता ते तास स्वच्छ झालं आणि तिरप्याचं कारण संपलं.

"रान तुडवलं जाईल," तरी तो म्हणाला. "पेरणीचे दिवस आहेत."

"अरे, नांगरलेल्या रानाला पोरांचे पाय काय करतात?" पलीकडून थोरल्याचा आवाज आला. तो विहिरीच्या कठड्यावर बसून सगळं बघत होता. "बाई, या. माझ्या विहिरीपासून सुरू करा. पोरांना पाणी पाजतो. ह्याच्याकडे काय, ह्याचं तर ढेकूळ पण कुणी उचललेलं चालत नाही."

नाही म्हणायला आता जागा उरली नव्हती. भिंगरी धावत विहिरीवर गेली. दोरीचा फास तिनं कठड्याच्या दगडावर धरला आणि दोरी बांधाकडे ताणली गेली.

"ह्या टोकाला कुणीतरी उंच माणूस हवा," बाई म्हणाली. "तुम्ही धरता का?"

तिरप्यानं दोरी धरली. धरावीच लागली. पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. बाईनं मास्तरांना कोपरानं हळूच ढोसलं आणि पुटपुटली, "सांगू नका, विचारा." मास्तरांनी घसा साफ केला आणि जो समोर दिसला त्यालाच विचारलं.

"हं, कुठलं अक्षर आलं?"

तिरप्यानं हातातल्या चिंधीकडे पाहिलं. लाल कापड, त्यावर काळं काहीतरी. एक उभी काठी आणि तिला लटकलेली एक कडी. त्याच्या कानशिलावर घाम उतरला. एका पोराला हसू फुटलं, मग दुसऱ्याला.

"काकांना येत नाही!"

"प," विहिरीवरून भिंगरीनं मोठ्यानं सांगितलं. तिथून तिला चिंधीसुद्धा नीट दिसत नव्हती, पण लाल रंग दिसत होता आणि बाप दिसत होता. "बाबांच्या हातात प आहे!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्यानं पाणी पाजलं. त्याला प काय आणि म काय, त्याचं लक्ष पोरं पाणी किती सांडतात इकडे होतं. शाळा निघून गेली, भिंगरीही तिच्याबरोबर गेली आणि तिरपा दोरीनं लाल झालेला तळवा मांडीवर पुसत उभा राहिला.

त्यानंतर भिंगरीचं घरात दुसरं बोलणं नव्हतं. शाळेमागे गाव वाढत होतं. फुटक्या मडक्याचं तोंड पुरून विहीर केली. राखेचा ओढा झाला. बांधांना पांढरे खडे. दोरीची एक गाठ म्हणजे नकाशात एक बोट. आठवडा सरला की सगळ्या गावाला बघायला बोलावणार होते.

"काकांच्या विहिरीचा बांध मी लावला," ती म्हणाली. "तो सरळ नाहीये. विहिरीपाशी आत येतो. मास्तर म्हणाले सरळ लाव, छान दिसेल. मी म्हटलं, नाही, प आला होता. बाई म्हणाल्या, बरोबर, जसा आहे तसाच लाव."

बायकोनं तिरप्याकडे पाहिलं. तिरप्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा होऊनही खाली ठेवला नाही.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, गाव घराघरांत लवंडलेलं असताना, तो शाळेमागे गेला. आपण खरोखर काय बघायला आलोय हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण बघितलं आणि तो उभाच राहिला. त्यांचं गाव तिथे होतं. गिरणी, शाळा, बाभूळ. त्याचं घर, आणि घरापुढे एक छोटी काडी, ती भिंगरीनं स्वतःसाठी रोवली असणार. आणि तिथे, मडक्याच्या तोंडाजवळ, त्याच्या बांधाला पोट आलेलं होतं. इतकं स्वच्छ, इतकं उघडं. रानात ते गवताआड असायचं. इथे गवत नव्हतं.

तो खाली बसला आणि एकेक खडा उचलून मागे घेऊ लागला. दोन बोटं. शेतात तेवढं पलीकडे सरकवायला त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, परत आणायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बांध सुतासारखा सरळ झाला. थोरल्याला त्याची जमीन जन्मात पहिल्यांदा परत मिळाली, आणि ती खड्यांची. तिरपा निर्धास्त होऊन घरी आला आणि झोपला. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तर हा भांडं चौकात मांडून आला होता.

गाव बघायला आलं, ते हौसेपेक्षा संशयानंच. आपलं काय मांडलंय आणि शेजाऱ्याचं किती मांडलंय, एवढं बघायचं होतं. गिरणीवाला आपली गिरणी लहान झाली म्हणून कुरकुरला. न्हावी बाईला तिसऱ्यांदा विचारत होता, "पण मग रस्ता नक्की कुठून जाणार?" बाई तिसऱ्यांदा सांगत होती की रस्ता नाही, ही नुसती पोरांची वाचायची जागा आहे, आणि न्हावी डोळा बारीक करून "हो हो" म्हणत होता. मास्तर आज नवा शर्ट घालून एकेका पोराला पुढे बोलावत होते आणि विचारत होते, सांगत नव्हते.

भिंगरीची पाळी आली. ती पुढे झाली, बोट विहिरीवर ठेवलं आणि थबकली.

"कुणीतरी बांध हलवलाय!"

असलं वाक्य त्या गावात मोठ्यानं म्हणायचं नसतं.  थोरला मागे उभा होता, तो वाट काढत पुढे आला.

"काय म्हणालीस पोरी? परत म्हण."

"हा बांध इथे नव्हता, काका. इथे आत आला होता. कुणीतरी सरळ केलाय."

थोरला नकाशावर वाकला. मडक्याचं तोंड, सरळ खडे, मधली जागा. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. "असाच होता," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांनी घातला तेव्हा अस्साच सरळ होता. आणि ही म्हणते आत आलाय. मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय?"

"लहान आहे ती, चुकली असेल," मास्तर घाईघाईनं म्हणाले. त्यांनी बोटं मोजली. "इथे ब येतोय. हिला प वाटला असेल."

"नाही चुकले!" भिंगरीचा आवाज चिरला. तीन वर्षं भिंतीला टेकून काढल्यावर तिला एक गोष्ट नक्की आली होती आणि ती कुणी काढून घेतलेली तिला चालणार नव्हतं. "प होता. बाबांच्याच हातात होता. विचारा बाबांना!"

सगळं गाव तिरप्याकडे वळलं. मागे एक खांदा खाली टाकून तो उभा होता.

"बोल रे," थोरला म्हणाला. "काय होतं तुझ्या हातात?"

 मुलगी त्याच्याकडे बघत होती, सरळ, हात पुढे करून घास मागावा तशी.

"मला कुठे वाचता येतं," तो म्हणाला.

दोघंतिघं हसली. भिंगरीची मान खाली गेली. आणि खाली गेलेली तिची नजर खड्यांच्या कडेला अडकली. तिथे भुसभुशीत मातीत एक पाऊल होतं. मोठं, आणि एका बाजूला टाच आत दाबलेलं.

ती वाकून बघत राहिली. आता ह्या पोरीला वाचता येत होतं, आणि वाचता यायला लागलं की वाचायचं नाही असं ठरवून भागत नाही. तिरप्यानं तिची पाठ पाहिली. ती ताठ झाली, मग आकसली. मग तिनं आपला अनवाणी पाय पुढे टाकला, अंग खाजवावं इतक्या सहज, आणि तो ठसा पुसला.

"भांडायचं कशाला?" बाई म्हणाली. तिच्या मनात पाप नव्हतं, हेच तिचं चुकलं. "दोरी आहे. जाऊन बघू या ना. मोजायला आपण शिकलोच आहोत."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला!" थोरला म्हणाला. "चला. सगळ्यांनी चला. आज प आला तर ह्यानं माझं रान खाल्लं, आणि मग ह्याच्या घरची बादली माझ्या विहिरीत पुन्हा उतरणार नाही. ब आला तर मी सगळ्यांसमोर ह्याची माफी मागेन."

गाव रानाकडे निघालं. तिरपा मध्ये होता, पुढे माणसं, मागे माणसं. बायको वाटेत येऊन मिळाली, कुणी तिला सांगितलं कोण जाणे. ती नवऱ्याच्या जवळ आली नाही, पोरीच्या बाजूनं चालली. एकदा तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. पोरीनं डोकं बाजूला घेतलं.

विहिरीवर दोरी उलगडली. थोरल्यानं आपल्या पोराला फास धरायला सांगितलं.

"मी धरणार," भिंगरी म्हणाली. "ती माझी जागा आहे."

"धरू दे," थोरला म्हणाला. "तिच्याच हातून होऊ दे. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको."

भिंगरी कठड्याच्या दगडाशी उकिडवी बसली, झगा गुडघ्यांवर ओढून. थोरल्यानं दुसरीकडून दोरी घेतली आणि तो बांधाकडे निघाला. गाव त्याच्याबरोबर निघालं, सगळ्यांना अक्षर बघायचं होतं. दोरीच्या ह्या टोकाला पोरीजवळ फक्त तिरपा उरला, कारण त्याचे पाय हलत नव्हते.

म्हणून ते त्याला दिसलं.

झग्याच्या घोळात पोरीच्या हाताला दोरी गुंडाळली जात होती. एक वेढा, दुसरा, तिसरा. पिवळी चिंधी मुठीत गेली. मग आणखी वेढे, आणि तिच्याशेजारची हिरवी चिंधी मुठीत गेली. अ आणि आ. तिनं मूठ दगडाला टेकवली. तिकडून थोरल्यानं ताण दिला तेव्हा दोरी तिच्या बोटांत रुतली, बोटं पांढरी पडली, पण मूठ जागची हलली नाही. ती बापाकडे बघत नव्हती. समोर, कुणीच नव्हतं तिकडे बघत होती.

"काय आलं?" मास्तरांनी तिकडे विचारलं.

माणसं चिंधीवर वाकली. मग न्हाव्यानं वाचलं, "ब."

"ब," बाई म्हणाली.

थोरल्यानं चिंधी स्वतःच्या डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, सुलटी केली. बांधाकडे बघितलं. ते पोट त्याला आजही दिसत होतं. पण अट त्यानंच घातली होती आणि गाव बघत होतं. तो परत आला तेव्हा त्याच्या चालण्यात दम नव्हता.

"चुकलो बाबा," तो तिरप्याला म्हणाला. "माफ कर. डोळ्यांना भास झाला."

"असू दे, दादा," तिरपा म्हणाला. 

"आणि तू," मास्तर भिंगरीला म्हणाले, पण रागानं नव्हे, सुटका झाल्यासारखे. "एवढी हटून बसली होतीस. चुकलं होतं ना?"

भिंगरी उभी राहिली. मूठ तिनं मागे धरली होती.

"हो," ती म्हणाली. "चुकले. मला नीट वाचता येत नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण काय ते तिला सापडलं नाही. गाव पांगलं.

घरी पोरगी जेवली आणि भिंतीला टेकून बसली. तिच्या तळव्यावर दोरीचे तांबडे वळ उठले होते. आईनं तेल लावायला हात धरला तेव्हा तिनं धरू दिला, पण मूठ उघडली नाही. आईनं एकेक बोट सोडवलं. मग ती नवऱ्याकडे वळली आणि पहिल्यांदाच तिनं त्याला टोमणा मारला नाही. नुसता तो तळवा त्याच्यासमोर धरला.

"उद्या शाळेत जा," तिरपा पोरीला म्हणाला.

"नको."

"का?"

"मला येत नाही वाचायला. सगळ्यांसमोर सांगितलंय मी."

आजवर त्यानं तिला किती वेळा काय काय म्हटलं होतं, खोटारडी कधी म्हणावं लागलं नव्हतं. त्याला रडावंसं वाटलं. पाणी थोरल्याच्या विहिरीचं होतं आणि ते आता तिरप्याच्या घरी कायमचं येणार होतं. तांब्या समोर होता, पण त्याला हात लावायचं त्याच्या जिवावर आलं.

उजाडताच त्यानं कुदळ आणि खोरं घेतलं आणि तो बांधावर गेला. पलीकडे उतरून पोटावर पहिला घाव घातला. मुळं होती, गवत होतं, माती घट्ट बसली होती. इतक्या वर्षांची माती एका सकाळी निघत नाही. तो ती खोऱ्यानं बांधावरून आपल्या बाजूला फेकू लागला, नुकत्याच नांगरलेल्या स्वतःच्या तासांवर. खांदा दुखू लागला, नेहमीचा. थोड्या वेळानं तो थांबला. किती मागे न्यायचं ते त्याला कळत नव्हतं. शाळेमागे सरळ ओळ समोर होती, इथे नुसता मातीचा ढीग होता.

तो घरी आला. भिंगरी भिंतीपाशीच होती.

"दोरी कुठे असते?"

"शाळेत. पायरीवरच्या पेटीत."

"आण जा," तो म्हणाला. मग खाली बसला, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. "ब कुठे येतो ते मला दाखव. मला वाचता येत नाही. तुला येतं."

पोरीनं त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, ठसा बघतात तसं. मग ती उठली आणि तिच्या पायाला पुन्हा भिंगरी लागली.

ती विहिरीवर उकिडवी बसली. ह्या खेपेला तिनं फास दगडावर ठेवला आणि त्यावर तळवा आडवा, उघडा टेकवला, वळ उठलेला. तिरपा दुसरं टोक घेऊन बांधाला भिडला.

तेवढ्यात थोरला तोंडात दातण धरून विहिरीजवळच्या आपल्या घराबाहेर आला. त्यानं बघितलं ते एवढंच, की तिरपा त्याच्या बाजूला उतरलाय, पायाशी कुदळ आहे आणि बांध खणलेला आहे. कालची माफी त्याच्या घशात तशीच अडकली होती.

"अरे चोरा!" तो तिथूनच ओरडला. "काल माफी मागायला लावलीस, आणि आज उजाडायच्या आत पुन्हा कोरायला लागलास? थांब, बोलावतो सगळ्यांना!"

तिरप्यानं वर पाहिलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि सांगितलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्यानं कपाळावरचा घाम पुसला, तोंडावर चोर ऐकून घेतलं आणि कुदळ पुन्हा उचलली.

विहिरीवरून भिंगरीनं बघितलं, लाल चिंधी कुठे आली ते.

"खणा, बाबा," ती म्हणाली. "अजून दोन गाठी."